दोन अक्षरी हुकूम

पत्राच्या आरंभीं 'सा. न. वि. वि.' आणि शेवटीं 'क. लो. अ. हे वि.' लिहिल्यावांचून ज्यांचें पत्र पुरें होत नसे, अशा वडिलांचा मी मुलगा आहें. लहानपणीं मला तीं अक्षरें पत्राचीं कुलुपें वाटत. एक वरचें, एक खालचें. त्यांच्यामागें 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' आणि 'कळावें, लोभ असावा, हे विनंती' असा सबंध विनय दडलेला आहे, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. एकदां विचारलें तेव्हां वडील म्हणाले, "ज्याला दर आठवड्यास नमस्कार करावयाचा, त्याला तो अख्खा लिहीत बसलें तर मजकुराला जागा कोठून आणावी?" हें उत्तर पन्नाशी उलटल्यावर मला पुन्हा आठवलें, तें संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर बसलों असतांना.

प्रसंग असा झाला. अकोल्याच्या जुन्या शहरांत, मोर्णेच्या पलीकडे, आमचें वडिलोपार्जित घर होतें. काका वारले, घर विकावयाचें ठरलें, आणि माडीवरच्या पेटींतून आजोबांचीं बाडें निघालीं. आजोबा कापसाच्या एका जिनांत मुनीम होते. रोजकीर्दी, खतावण्या, सरकीच्या आणि गाठींच्या हिशेबाच्या वह्या, सारें मोडींत. आणि तळाशीं वडिलांनीं अमरावतीस कॉलेजांत असतांना आजोबांना पाठविलेलीं पत्रें, बाळबोधींत. वाळवीनें त्या पत्रांची चाळण केली होती. बोट लावतांच कडा गळून पडत.

तीन रविवार मी बडनेऱ्यास गाडी धरून अकोल्यास गेलों आणि पुतण्याच्या मदतीनें पानोपानीं मोबाइलवर फोटो काढले. पहिल्या दोन रविवारीं वह्या झाल्या, तिसऱ्या रविवारीं पत्रें. निघतांना वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, ह्या कागदांचें आतां काय करायचें?" मीं म्हटलें, "फोटो निघाले आहेत. रद्दीला जाऊं द्या." त्यांनीं पुन्हा एकदां विचारलें, मीं पुन्हा तेंच उत्तर दिलें. हें वाक्य मीं म्हटलें, दुसऱ्या कोणीं नाहीं, हें येथेंच नमूद करून ठेवतों.

फोटोंना मोबाइलनें नांवें दिलीं होतीं तीं नुसते आंकडे. तेराशेंवर चित्रांना एकेक करून साल आणि वहीचें नांव द्यावयाचें म्हणजे उंदरासारखें तें उपकरण हातांत धरून उन्हाळ्याची सुटी घालवावयाची. त्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. गांव दर्यापूरकडचें, पदवी इंग्रजी वाङ्मयाची, आणि पोट संगणकावर. माझी कवाईत दोन मिनिटें पाहून तो म्हणाला, "सर, हे असं बोटानं दाखवून दाखवून किती दिवस करान जी? त्याले लिहून सांगा ना!"

मला हें बोलणें फार मार्मिक वाटलें. परक्या मुलखांत भाषा येत नसलेला मनुष्य भाजीवाल्यापुढें बोटानें वांगें दाखवितो, तसेंच आम्ही सर्व चित्रांवर बोट ठेवून संगणकाकडून कामें करून घेतों. दहा वांगीं हवीं असतील तर हें चालतें. तेराशें पानें असतील तर भाषा शिकण्यावांचून गति नाहीं. त्यानें माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून दिलें आणि तो काळा पडदा माझ्यापुढें उघडून ठेवला. त्यावर एक रेघ लुकलुकत होती. शिकवणीला आलेल्या मुलानें मास्तरांच्या तोंडाकडे पाहत बसावें तशी.

त्या पडद्यावर जो आपल्याशीं बोलतो त्याला 'शेल' म्हणतात. आंतला जो खरा कारभारी त्याचें नांव 'कर्नेल', म्हणजे दाणा. आणि दाण्याभोंवतीं राहून बाहेरच्या माणसाचें म्हणणें आंत पोंचविणारें तें शेल, म्हणजे टरफल. लोकमान्यांनीं शाळेंत जीं उचलण्याचें नाकारलें म्हणून सांगतात, तीं टरफलें उचलण्याची पाळी मजवर ह्या वयांत आली. माझ्याकडील शेलचें नांव 'बॅश'. स्टीफन बोर्न ह्यांच्या १९७९ च्या शेलचा हा पुढचा अवतार ब्रायन फॉक्स ह्यांनीं १९८९ सालीं बाहेर काढला, आणि त्याचें नांव ठेवतांना 'बोर्न' ह्या आडनांवावर पुनर्जन्माची कोटी केली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं ज्या वऱ्हाडांत वकिली केली, तेथें ही कोटी वायां जाण्याचें कारण नाहीं.

पहिला हुकूम मीं शिकलों तो 'पी-डब्ल्यू-डी'. आमच्याकडे हीं तीन अक्षरें ऐकलीं कीं बांधकाम खातें आणि डाकबंगल्याचा खानसामा आठवतो. येथें त्यांचा अर्थ 'मी सध्यां कोणत्या दालनांत उभा आहें तें सांग' एवढाच. 'एल-एस' म्हटलें कीं दालनांतील वस्तूंची यादी येते. 'सी-डी' आणि नांव लिहिलें कीं आपण त्या दालनांत जातों. नांवाऐवजीं दोन टिंबें दिलीं तर एक पायरी वर येतों. आणि कांहींच न लिहितां नुसतें 'सी-डी' म्हटलें तर कोठेंही भटकत असलों तरी थेट स्वगृहीं. 'सी-पी' नक्कल करतो. 'एम-व्ही'ची मात्र मला मौज वाटली. वस्तु एका दालनांतून दुसऱ्यांत नेणें आणि वस्तूचें नांव बदलणें हीं दोन्ही कामें तो एकटाच करतो. आमच्या आजीचें असेंच झालें होतें. ती मूर्तिजापूरहून अकोल्यास आली त्याच दिवशीं तिचें माहेरचें नांवही गेलें. राहिला 'आर-एम'. तो नाहींसें करतो.

हे हुकूम इतके तुटक कां, ह्याचा इतिहास आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनीं 'युनिक्स' रचावयास घेतलें. (त्याच सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ निघालें, आमच्या घरीं त्या वर्षाची आठवण काढीत ती ह्या दुसऱ्या कारणानें.) त्यांच्यापुढें आजच्यासारखा पडदा नव्हता. टेलिटाइप नांवाचें, टाइपरायटरच्या जातीचें एक जड यंत्र होतें. तें सेकंदास दहा अक्षरें कागदावर उमटवी आणि त्याच्या कळा दाबतांना बोटांना जोर लागे. म्हणून 'लिस्ट'चें 'एल-एस' झालें, 'कॉपी'चें 'सी-पी', 'रिमूव्ह'चें 'आर-एम'. ही काटकसर इतकी अंगवळणीं पडली कीं 'निर्माण कर' ह्या अर्थाच्या 'क्रिएट' शब्दाचें शेवटचें अक्षरही त्यांनीं एके ठिकाणीं गाळलें. पुढें थॉम्पसन ह्यांना कोणीं विचारलें कीं युनिक्स पुन्हा रचावयाचें झाल्यास काय बदलाल, तेव्हां त्यांनीं तें एक अक्षर परत घालीन असें सांगितलें.

आमच्या लोकांस ही रीत परकी वाटूं नये. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले होते. आंकडा लिहावा आणि पलीकडे सबंध वाक्य पोंचावें. १५ जुलै २०१३ पासून आपल्याकडील तारच बंद झाली. शेलमध्येंही लांब हुकुमाला आपल्या पसंतीचें आंखूड नांव ठेवतां येतें, त्याला 'एलियस' म्हणतात. आणि मोडी तर सारी घाईचीच लिपि. आधीं पानभर आडवी रेघ ओढावयाची, मग हात न उचलतां तिच्याखालीं अक्षरें लोंबकळत सोडावयाचीं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं, आणि दोन शब्दांमधें जागा सोडण्याची चाल नाहीं. वाचणारा घरचा असल्यामुळें त्याला शब्द कोठें तुटतो तें कळतें, असा सारा भरवसा. ह्या शेवटच्या गोष्टीकडे मीं त्या वेळीं अधिक लक्ष द्यावयास हवें होतें.

हुकुमांबरोबर विद्यार्थ्यानें मला आडवाटाही दाखविल्या. वरच्या बाणाची कळ दाबली कीं मागचा हुकूम जसाच्या तसा पुढें येतो. 'कंट्रोल'बरोबर 'आर' दाबून दोनचार अक्षरें लिहिलीं कीं मागें दिलेला हुकूम हुडकून मिळतो. 'ए' दाबला कीं ओळीच्या आरंभीं, 'ई' दाबला कीं शेवटीं. आणि चाललेलें काम थांबवावयाचें असेल तर 'सी'. पण ह्या सर्वांहून त्याचा भर 'टॅब' नांवाच्या कळीवर होता. नांवाचीं पहिलीं दोनतीन अक्षरें लिहून ती दाबावी. यंत्र उरलेलें नांव स्वतः पुरें करतें. एकासारखीं दोन नांवें असतील तर तें थांबतें, आणि पुन्हा दाबल्यास दोन्ही नांवें पुढें ठेवतें.

मला ती कळ आळशांची वाटली. ज्यानें तीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिकांतील स्पेलिंगें तपासलीं, त्यानें चार अक्षरें लिहून हात आंखडावा आणि उरलेलीं यंत्राकडून घ्यावींत? विद्यार्थी हंसला. म्हणाला, "सर, टॅब हात वाचवाले नाही दाबत. ते नाव खरंच तिथं हाय का नाही, हे पाहाले दाबतात." मीं मान डोलावली आणि पुढेंही अक्षर न् अक्षर स्वतःच लिहीत राहिलों.

कामानें वेग घेतला होता. मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पानें लिनक्सचे पाठ मराठींतूनही ऐकावयास ठेवले आहेत, ते मी सकाळीं चहाबरोबर ऐकत असें. 'मॅन' ह्या हुकुमानें जी पोथी उघडते तिचा तर मला नाद लागला. तिची पहिली आवृत्ति १९७१ ची. पुष्कळ हुकुमांच्या माहितीखालीं 'बग्ज', म्हणजे दोष, असा स्वतंत्र मथळा असतो, आणि ज्यांनीं हुकूम रचला तेच आपल्या कृतींतील उणेपणा तेथें सांगतात. क्रमिक पुस्तकें लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना हा मथळा कधीं सुचला नाहीं.

शेलचा आणखी एक स्वभाव मला आवडला होता. हुकूम नीट पार पडला तर तो कांहींच बोलत नाहीं. 'झालें', 'शाबास' कांहीं नाहीं. नुसती पुढची ओळ. जुन्या घरांतील कर्त्या पुरुषांसारखें वाटे.

त्या रात्रीं मी पत्रांच्या दालनांत होतों. पत्रांचे ३१२ फोटो होते. त्यांतील कांहीं हात हलल्यामुळें अस्पष्ट आले होते, आणि त्यांच्या नांवाआधीं मीं 'धूसर' असा शब्द जोडून ठेवला होता. ते काढून टाकावयाचे होते. शेलमध्यें तारकेचा अर्थ 'पुढें कांहींही असो' असा होतो. म्हणजे 'आर-एम', मग 'धूसर', आणि त्याला चिकटून तारका. एवढें लिहिलें कीं काम झालें. विद्यार्थ्यानें सांगून ठेवलें होतें कीं असा हुकूम देण्यापूर्वीं तोच मजकूर 'एल-एस'ला द्यावा, यादी डोळ्यांनीं पाहावी, मग वरचा बाण दाबून 'एल-एस'च्या जागीं 'आर-एम' करावें. साडेअकरा वाजले होते. मीं एकदम 'आर-एम' लिहिलें, 'धूसर' लिहिलें, आणि टाइपरायटरच्या जुन्या संवयीनें अंगठा जागा सोडणाऱ्या लांब पट्टीवर पडला. मग तारका.

यंत्रानें एकच तक्रार केली: 'धूसर' नांवाची वस्तु येथें नाहीं. बाकी तें गप्प होतें. मीं 'एल-एस' म्हटलें. नुसती पुढची ओळ आली.

एका मोकळ्या जागेनें एका शब्दाचे दोन शब्द झाले होते. दुसरा शब्द नुसती तारका, म्हणजे 'सर्व'. वह्यांचीं दालनें निराळीं होतीं, म्हणून तीं वांचलीं. मोबाइलमधील फोटो मीं जागा व्हावी म्हणून आधींच काढून टाकले होते. पेटी ह्या जगांत नव्हती.

विद्यार्थ्याला मध्यरात्रीं फोन केला. तो रागावला नाहीं. त्यानें रागवावें असें मला वाटत होतें. "आता त्याच्यात काही लिहू नका सर. बंद करून ठेवा. मी सकाळी येतो." दुसऱ्या दिवशीं त्यानें समजाविलें तें असें: 'आर-एम' पान फाडीत नाहीं, अनुक्रमणिकेंतील ओळ तेवढी खोडतो. त्या पानावर दुसरा मजकूर लिहिला जाईपर्यंत पहिला तेथें असूं शकतो. 'फोटोरेक' नांवाच्या एका साधनानें त्यानें दिवसभर ती तबकडी चाळली. संध्याकाळपर्यंत २४१ पत्रचित्रें परत आलीं. नांव मात्र एकालाही नव्हतें. पुन्हा नुसते आंकडे.

वडील शेवटपर्यंत अनुच्चारित अनुस्वार देत असत. १९६२ च्या नियमांनीं ते काढले, मी शाळेंत नवें शुद्धलेखन शिकलों, आणि माझ्या वहीवर ते तांबड्या शाईनें टिंबें देत बसत. "एका टिंबानें काय होतें?" असें मीं विचारलें कीं ते उत्तर न देतां पुढचें टिंब देत. ह्या लेखांत तीं टिंबें आहेत तीं त्यांचीं.

आतां रोज रात्रीं दहा पत्रें घेतों. पत्र वाचावयाचें, तारीख पाहावयाची, नांव द्यावयाचें. 'एम-व्ही' लिहितों, आंकड्याचीं तीन अक्षरें लिहितों आणि टॅब दाबतों. बहुतेकांत खाणावळीचे पैसे, पुस्तकें, थंडी आणि कपाशीचा भाव. 'ती. दादांस' हा मायना, आणि खालीं तींच जुनीं अक्षरें. तिसऱ्या रविवारीं परत येतांना एक पत्र मीं मोबाइलवर वाचलें होतें. मूर्तिजापूरला गाडी थांबली होती तेव्हां. कॉलेज सोडून जिनांत नोकरीस यावें काय, असें त्यांत वडिलांनीं आजोबांना विचारलें होतें, आणि खालच्या कोपऱ्यांत आजोबांच्या हातची मोडींतली एक ओळ होती. मला मोडी अडखळत वाचतां येते. घरीं जाऊन नीट लावूं म्हणून मीं ती तशीच ठेवली. तें पत्र अजून सांपडलेलें नाहीं. २४१ पैकीं १७९ झालीं आहेत. उरलीं ६२.