गोदेकडून मांजरेकडे

नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचे म्हणजे परभणी-परळीचा मोठा वळसा. त्यापेक्षा एस.टी. बरी! सुमारे १४० किलोमीटरची ही वाट. पण खिडकीजवळची जागा मिळाली, तर ती केव्हा सरते ते कळत नाही.

गोदावरीचा पूल ओलांडला आणि विष्णुपुरी मागे पडली, की नदीचा सखल मुलूख संपतो. लोह्याच्या अलीकडे-पलीकडे बालाघाटाचे चढउतार सुरू होतात. दिवाळीचे दिवस असल्याने सोयाबीनच्या रिकाम्या रानांना तुरीचे पिवळे फुलोरे लगटून होते आणि थांब्याथांब्यावर सीताफळांच्या पाट्या! पुढे माळेगाव लागते. मार्गशीर्षात खंडोबाच्या जत्रेला घोडे, गाढवे, उंट यांनी गजबजणारा हा माळ आज मात्र अगदी निवांत होता. लोह्याहून वाट थोडी वाकडी केली, तर कंधारचा किल्ला आणि राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर पाहता येतो. या माळरानावर पाणी अडवावे लागते, हे त्या राजांनी केव्हाच ओळखले होते.

माझ्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. पायाशी पाच लिटरचा कॅन. प्रत्येक वळणाला त्या तो दोन्ही पायांनी घट्ट धरीत.

"तेल का हो, मावशी?" मी विचारले.

"पानी हाय, दादा. लेकीकडं चाललेय, लातूरला."

मी चमकलो. मग आठवले. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले होते आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली होती.

"आता नळाला येतंय म्हनती," मावशी म्हणाल्या. "हसती मला. पर त्या साली तिनं आंघोळीचं पानी झाडाला घातल्यालं म्या बघितलंय. रिकाम्या हातानं जाववत न्हाई."

अहमदपूर गेले, चाकूर गेले. संध्याकाळी लातूर आले. गंजगोलाईभोवती आकाशकंदिलांची दुकाने झगमगत होती. मांजरा पुढे जाऊन गोदावरीलाच मिळते, हे शाळेत पाठ केले होते. त्या दोघींचे नाते मात्र मला त्या दिवशी कळले. मावशी कॅन कमरेवर घेऊन, घागर घ्यावी तशा, गर्दीत शिरल्या.