हेदवीचा कातळ आणि घरातील मत्स्यपेटी

कुलदैवताच्या दर्शनास निघालेला मनुष्य वाटेत दुसरे काही शिकून येईल, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु कोकणचा किनाराच असा आहे की, देवास हात जोडून झाले म्हणजे पाय आपोआप पाण्याकडे वळतात. गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास निघालो, तेव्हा मंडळींच्या सामानाबरोबर एक न दिसणारे ओझेही आमच्यासोबत होते. आमच्या दिवाणखान्यात भाद्रपदापासून चादरीने झाकून ठेवलेल्या एका रिकाम्या काचेच्या पेटीचे ते ओझे होते.

हकीकत अशी. आमचा बारा वर्षांचा पुतण्या बाळू याच्या हट्टावरून आम्ही श्रावणात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मांडली. पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व तितकीच उंच. अशा पेटीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. दुकानातील सर्वांत महाग फिल्टर आणला. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसू लागले, आणि त्याच संध्याकाळी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊनफिश आम्ही त्यात सोडले. आठव्या दिवशी दोन्ही मेले. पाणी अखेरपर्यंत निर्मळ दिसत होते, हेच आम्हांस उमगेना. बाळू रडला नाही. त्याने निमूटपणे पेटीवर चादर घातली. आमच्या मातुःश्री एवढेच म्हणाल्या, “जे जगवता येत नाही, ते घरात आणू नये.” या वाक्यास उत्तर नव्हते. प्रवासाहून परतल्यावर पेटी विकून टाकावयाची, असे जवळजवळ ठरलेच होते.

रत्नागिरीस मुक्काम होता. तेथे झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. ते १९५८ साली स्थापन झाले. तेथील मत्स्यालय व देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहावयास मंडळी गेली. बाळू प्रत्येक काचेपाशी थांबे. पण मासे पाहण्याऐवजी मागच्या नळ्याच न्याहाळी. तेथे भेटलेल्या एका जाणत्या गृहस्थांस आम्ही आमची कथा सांगितली आणि कोणता फिल्टर घ्यावयास हवा होता, ते विचारले. त्यांनी उलट प्रश्न केला, “पेटी नवी होती ना? मग फिल्टरास बोल लावू नका. पाणी गाळलेत, पण पाण्यात वस्ती कोठे होती?”

हे कोडे डोक्यात घेऊनच आम्ही दुसऱ्या दिवशी जयगडास आलो व फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळास उतरलो. तेथून हेदवी जवळच. टेकडीवरच्या दशभुज गणेशाचे दर्शन घेऊन दुपारी समुद्रावर गेलो. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळास एक अरुंद, खोल चीर पडली आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाटा या चिंचोळ्या घळीत शिरतात व कोंडलेले पाणी गर्जना करीत उंच उसळते. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. काळ्या कातळावरील खळग्यांत समुद्र मागे ठेवून गेलेले पाणी उन्हात चमकत होते, आणि त्यात बोटभर मासे, शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे व नाना तऱ्हेचे शेवाळ सुखाने नांदत होते.

बाळू गुडघे टेकून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने विचारले, “काका, येथे कुठे फिल्टर आहे? मग हे कसे जगतात?”

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा रत्नागिरीचे कोडेही सुटू लागले.

गाळणे म्हणजे चहा गाळणे, अशी आपली समजूत असते. माशाचा खरा वैरी मात्र डोळ्यांस दिसणारा गाळ नव्हे. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. तो पाण्यात पूर्ण विरघळतो, म्हणून पाणी स्वच्छ दिसते आणि तरीही विषारी असते. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ ते ८.४ असल्यामुळे तेथे अमोनियाचा घातक अंश सर्वसाधारण गोड्या पाण्यापेक्षा अधिक राहतो. हा अमोनिया कोणतीही जाळी अडवू शकत नाही. त्याचा फडशा सूक्ष्म जिवाणू पाडतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. खळग्यातला कातळ हातास बुळबुळीत लागतो, तो अशाच सूक्ष्म जीवांच्या थरामुळे. हीच ती वस्ती. आमच्या कोऱ्या पेटीत ती वसण्यापूर्वीच आम्ही पाहुणे आणून बसविले होते.

एवढ्यात भरती सुरू झाली. घळीत पहिल्या लाटा आदळल्या, आणि कडेस पिवळसर, चिकट फेस साचू लागला. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य हवेच्या बुडबुड्यांस चिकटते व फेसाबरोबर वर येते. ‘प्रोटीन स्किमर’ नावाचे यंत्र हेच काम एका नळकांड्यात करते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात व लवकर एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून ते तेथेच नीट चालते. फिल्टर घाण पकडून पाण्यातच ठेवतो. स्किमर ती कुजण्यापूर्वीच पाण्याबाहेर काढतो, हा दोहोंतील मोठा भेद. पाहता पाहता भरतीने खळगी भरून टाकली. जुने पाणी गेले, नवे आले. घरात हे काम आपल्या हातांनी, बादलीने करावे लागते.

वस्ती, फेस आणि भरती या तीन गोष्टी ध्यानात आल्यावर बाजारातील नाना फिल्टरांची निवड अवघड राहिली नाही. स्पंजाचा फिल्टर स्वस्त व लहान पेटीस उपयोगी. परंतु सागरी पेटीचा सगळा भार त्याच्यावर टाकू नये. डबाबंद फिल्टर, ज्यास कॅनिस्टर म्हणतात, पाणी चकचकीत करतो. पण त्याचे स्पंज वारंवार धुतले नाहीत तर अडकलेला मळ आतच कुजतो व नायट्रेट वाढत राहते. शिवाय आपल्याकडे वीज काही तास गेली की बंद डब्यातील प्राणवायू संपतो, आतील जिवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते कुजके पाणी एकदम पेटीत येते. वाळूखालचा जुन्या पद्धतीचा फिल्टरही कालांतराने मळाचे कोठार होतो.

म्हणून नवशिक्याने आधी वस्तीची जागा घ्यावी, यंत्र मागाहून. सच्छिद्र दगड हीच ती जागा. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली लिहिलेल्या लेखात समुद्रातील सजीव दगड व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच मत्स्यपेटी राखण्याची रीत सांगितली होती. दगडाच्या पृष्ठभागावर अमोनियाचा निकाल लागतो, आणि खोल छिद्रांत, जेथे प्राणवायू पोचत नाही तेथे, दुसरे जिवाणू थोड्याबहुत नायट्रेटचा वायू करून सोडतात. आमच्याएवढ्या पेटीस १५ ते २० किलो सच्छिद्र दगड, पाणी खेळते ठेवणारा एक लहान पंप आणि पेटीच्या मापाचा स्किमर, एवढे पुरते. विजेच्या भरवशावर न राहता बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मात्र घरात असावाच.

हे ऐकताच बाळूने खळग्यातून एक दगड उचलला. आम्ही तो परत ठेवावयास लावला. एक तर त्यावर कोणाचे तरी घर होते. दुसरे म्हणजे हा कातळ घट्ट, त्यात छिद्रे थोडी. कोकणचा जांभा सच्छिद्र दिसतो, पण त्यात लोहाचा अंश फार, म्हणून तोही नको. प्रवाळास तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून उचलणे हा गुन्हा होय. मत्स्यपेटीसाठीच तयार केलेले कोरडे दगड बाजारात मिळतात. त्यांवर जिवाणूंचे तयार द्रावण घालून वस्ती वाढविता येते.

“म्हणजे विरजणच लावायचे की!” इतका वेळ देवळाच्या पायरीवर बसून ऐकणाऱ्या मातुःश्री म्हणाल्या. “मग दूध घातल्याबरोबर दही कसे मागता?”

याहून नेमके आम्हांस काही सांगता आले नसते.

परतल्यावर चादर निघाली. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ मिसळले. हे मीठ मत्स्यपेटीसाठी मुद्दाम मिळते. स्वयंपाकाचे चालत नाही. दगड रचले, विरजण घातले, आणि जिवाणूंस खाद्य म्हणून माशांच्या अन्नाची चिमूट रोज टाकू लागलो. पाणी उडून जाते तेव्हा मीठ मागे राहते, म्हणून काचेवर खूण करून घट गोड्या पाण्याने भरून काढली. तपासणीची रसायने आणून बाळूने वहीत कोष्टक मांडले. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढला; तो उतरू लागला तेव्हा नायट्राइट चढले. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही शून्यावर आली.

आम्ही म्हणालो, “चला, आता मासे आणू.” बाळूने वही मिटली आणि म्हणाला, “काका, अजून एक आठवडा पाहू. पाणी बदलू, मग आणू.” आम्ही ओशाळलो, आणि मनातून फार समाधान पावलो.

पुढे क्लाऊनफिशची एक जोडी आली. तीही समुद्रातून पकडलेली नव्हे, तर हौदात जन्मलेली. तमिळनाडूतील मंडपम् येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास साधली आहे, हे त्या निमित्ताने आम्हांस कळले. दर पंधरवड्यास बाळू दहावा हिस्सा पाणी बदलतो. त्यास तो ‘भरती’ म्हणतो. स्किमरच्या पेल्यात जमलेला काळपट फेस तो आजीस दाखवितो, आणि त्या नाक मुरडून म्हणतात, “हेदवीची आठवण झाली हो.” परवा सांजवात लावून झाल्यावर त्या पेटीपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी खिडकीचा पडदा सारखा केला, माशांच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून.