पांढरे पडलेले पेले

आमच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आले ते हौसेपोटी नव्हे. गेली तीन वर्षे सौ.च्या बोटांचे सांधे आखडू लागले आहेत. कडोलीच्या थंडीत पहाटे गार पाण्यात खरकटी भांडी घासून उठली, की तिची मूठ वळत नसे. पुण्याच्या मुलीने नवे यंत्र घेतले, तेव्हा आठ वर्षे वापरलेले जुने तिने आम्हांकडे धाडून दिले. "बाबा, आईला घासणीला हात लावू देऊ नका," एवढीच तिची अट होती.

पुण्यात लख्ख काम करणारे हे यंत्र आमच्याकडे महिनाभरातच रुसले. ताटांवर आमटीचे ओघळ तसेच राहू लागले, आणि काचेचे पेले तर ताकाने विसळल्यासारखे पांढरे! "हे भांडी धुवूलालंय की पांढरी रंगवूलालंय?" सौ.ने आपल्या बेळगावी बोलीत विचारले. यंत्र म्हातारे झाले, असा शेरा मारून मी मोकळा झालो. मुख्याध्यापकाला शेरे मारण्याची सवय असतेच.

एके रात्री पाणी पिण्यास उठलो, तो मोरीत दिवा दिसला. सौ. यंत्रातून निघालेली भांडी पुन्हा घासत बसली होती. खोदून विचारले तेव्हा कळले, की यंत्रात लावण्यापूर्वीही ती सारी भांडी एकदा घासून घेत असे. "पोरीनं एवढ्या मायेनं धाडलंय, तिला कसं सांगायचं?" असे तिचे म्हणणे. जिच्या बोटांसाठी हा खटाटोप, तिच्याच पदरी दुप्पट काम! मला त्या रात्री झोप आली नाही.

रविवारी मी माहितीपुस्तक घेऊन यंत्रासमोर बैठक मारली. तळाची जाळी काढली, तर भाताची शिते आणि मोहरीची टरफले यांचा बुळबुळीत थर हाती आला. पाणी फवारणारे पाते उपसून उजेडात धरले. त्याच्या दोन छिद्रांत लिंबाच्या बिया रुतल्या होत्या. शिवाय खालच्या कप्प्यातून उलथन्याचा दांडा खाली लोंबत असे, त्याला अडून ते पाते फिरतच नसावे. बिया टाचणीने काढल्या, जाळी जुन्या दातघासणीने घासली. संध्याकाळी ताटे स्वच्छ निघाली. पेले मात्र पांढरेच!

येथे माझी विद्या संपली. सौ.ने पिळलेल्या लिंबाची साल घेऊन एक पेला सहज चोळला, आणि तो आरशासारखा चमकला. रोगाचे निदान झाले ते असे. लिंबाच्या आम्लात विरघळला, म्हणजे तो चुन्याचा थर. काचच झिजून पांढरी झाली असती, तर लिंबाने काही साधले नसते.

मुलीच्या घरी खडकवासल्याचे धरणाचे सौम्य पाणी येते. आमच्याकडे बोअरचे जड पाणी, आंघोळीच्या पातेल्याला खडूसारखी पुटे चढविणारे. अशा पाण्यासाठी यंत्राच्या पोटात राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले, की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा कामास लागतात. आमची मिठाची कुपी कोरडी ठणठणीत होती, आणि पाण्याच्या जडपणाचा आकडा पुण्याचाच राहिला होता! बेळगावहून यंत्राचे जाडे मीठ आणले (घरचे बारीक मीठ त्यात चालत नाही), आकडा वाढविला, आणि एकदा लिंबूसत्त्व घालून यंत्र रिकामेच फिरविले. तिसऱ्या दिवशी पेल्यातून पलीकडचे दिसू लागले.

अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रन या बाईंनी 1886 साली अशा यंत्राचे पेटंट मिळविले. हॉटेलांनी ते उचलले, पण घरोघरी ते रुजावयास फार काळ लागला. पुरेसे गरम पाणी घरांत नसे, आणि जड पाण्यात साबणाला फेस येत नसे, असे सांगतात. बाईंची अडचण कडोलीपर्यंत पोहोचली म्हणावयाची!

भांडी आधी घासण्याचे आता सौ.ने सोडले आहे. खरकटे निपटून काढले की पुरे. धुण्याच्या पुडीतील विकरांना तेवढे काम उरलेच पाहिजे, हे तिला पटविण्यास मला आठवडा लागला. पितळी भांडी आणि ॲल्युमिनियमची कढई मात्र यंत्रात घालावयाची नसतात. पुडीतील क्षाराने ॲल्युमिनियम काळवंडते. ती मी घासतो. कढईचा तळ अद्याप सौ.च्या पसंतीस उतरलेला नाही.