चिरनेरची वाट आणि डिझेलचा हिशेब

पनवेलहून उरणकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी चिरनेर लागते. तालुका उरण, पण मुंबईकर कुटुंबांच्या तोंडी वाट पनवेलचीच. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवावी, खाखरे-ठेपल्यांचे डबे घ्यावेत, महागणपतीचे मंदिर पाहावे आणि चौविहाराची वेळ सांभाळून परतावे, असा हा एका दिवसाचा प्रवास.

29 मे 2021 रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे 100 रुपये ओलांडले, ऑक्टोबरात डिझेलनेही. तेव्हापासून भाडे ठरवताना पहिला प्रश्न इंधनाचा असतो. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि वाट आखूड झाली. परंतु मोटारीला एका फेरीचा टोल 250 रुपये. इंधनात वाचलेले टोलमध्ये जाते, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. उरणपर्यंत लोकल आता धावते, स्वस्तही आहे. मात्र पुढे रिक्षा करावी लागते, आणि सोबत वृद्ध असतील तर सूर्यास्ताआधी घर गाठण्याची शाश्वती उरत नाही. मग दोन कुटुंबे मिळून एकच गाडी करतात.

इंधनाचे मोल या गावाने फार पूर्वी चुकवले आहे. ज्या रानातून चुलीचे सरपण यायचे, त्यावरील सरकारी निर्बंधांविरुद्ध 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले.

त्यांच्या स्मारकापाशी गाडी थांबते. पूर्वी प्रवासी परतेपर्यंत वातानुकूलन सुरू असे. आता चालक उतरण्याआधीच किल्ली फिरवतो.