आजीची बादली

नगर

चि. रूथ हिस,


तुमच्या प्रार्थनागटात एक जण रडत रडत आपलं पाप सांगू लागला आणि लोकांनी ‘असू दे, असू दे’ करत त्याला लगेच गप्प केलं, हे वाचून आजी असती तर ओरडली असती, ‘बादली खाली ठेव!’ तिच्या या बादलीची गोष्ट तू विचारलीस. ती आजीच्या आईकडून आली, आणि आजीची आई केडगावला वाढली. आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे. पुण्याहून दौंडला जाताना लागतं ते, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनचं.

१९०५ साल होतं. दुष्काळांतून रमाबाईंनी उचलून आणलेल्या मुली आणि विधवा तिथे शेकड्यांनी राहत होत्या. वेल्समध्ये मोठं संजीवन झाल्याच्या बातम्या येत होत्या, म्हणून बाईंनी जानेवारीपासून मुलींना रोज प्रार्थनेला बसवलं होतं. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एका मुलीच्या अंगावर जाळ दिसला म्हणून शेजारी झोपलेली मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली. ओतणार तोच तिला कळलं की पोरगी जळत नाहीये, प्रार्थना करतेय. मुक्तीतल्या मिनी अब्राम्सबाईंनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. जाळ कसला होता यावर मी वाद घालत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मुली धाय मोकलून आपापली पापं कबूल करू लागल्या. वर्ग थांबवावे लागले. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट मुळीच रुचला नाही. रमाबाईंनी मात्र कोणाचं तोंड दाबलं नाही, कोणावर बादली ओतली नाही.

बाईंना हे जमलं, कारण त्या स्वतः त्या वाटेने गेल्या होत्या, असं मला वाटतं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, जिने १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, त्या बाईने १९०७ च्या आपल्या साक्षीत काय लिहावं? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नव्हता! तोवर त्यांच्या नावाचा अमेरिकेपर्यंत बोलबाला झाला होता, विधवांसाठी काढलेलं शारदा सदन चालू होतं. पुण्यातले टीकाकार टपून बसले होतेच. अशा वेळी झाकून ठेवलं असतं तर कोणाला कळणार होतं? पाप सांगताना माणूस खाली वाकतो ते हे असं, नावलौकिक बाजूला ठेवून. नाहीतर ‘आम्ही सगळेच पापी’ हे दर रविवारी आपण मान न झुकवताही म्हणतोच.

बत्तिसावं स्तोत्र काढून वाच. दावीद गप्प राहिला तोवर त्याची हाडं झिजत होती. बोलला तेव्हा क्षमा मिळाली. आणि याकोबाच्या पाचव्या अध्यायात तर एकमेकांजवळ पाप कबूल करणं आणि बरं होणं एकाच वचनात आहे. गळू फुटायच्या आत त्यावर मलमपट्टी केली तर पू आतच राहतो. तुमच्या गटाने त्या भावाचं तेच केलं. प्रेमापोटी केलं असेल, पण थोडं आपली अवघड वेळ टळावी म्हणूनही. दुसऱ्याचं रडणं ऐकत बसणं सोपं नसतं, मी प्रार्थनासभांत पुष्कळ पाहिलंय.

आता तू विचारलेलं: बहिणीबद्दल मनात आहे ते तूही त्या गटात उभं राहून बोलावंस का? माझं मत, नको. मंडळीपुढे केलेलं पाप मंडळीपुढे सांगावं. बाकीचं एका-दोघांजवळ, पोटात ठेवणाऱ्या माणसाजवळ. सांगताना दुसऱ्याचं नाव गोवलं की ती कबुली राहत नाही, चहाडी होते. आणि जकातदार जक्कयाची गोष्ट विसरू नकोस. फसवलेल्यांना चौपट परत देईन, असं तो सगळ्यांसमोर बोलला. नुसता रडून मोकळा झाला नाही.

त्या भावाला या आठवड्यात एकट्याला चहाला बोलाव. त्याचं राहिलेलं बोलणं शेवटपर्यंत ऐक, मध्ये सांत्वन करू नकोस. ऐकून झालं की त्याच्याबरोबर प्रार्थना कर. आणि तुझ्या मनात बहिणीबद्दल जे आहे, ते मला कळवत बसू नकोस. तिला फोन कर.

तुझी,
मावशी