दीड इंचाची गोष्ट

माझी उंची किती असेल, ओळखा पाहू! चार फूट अकरा इंच. गावातली आठवी-नववीची पोरं माझ्याशेजारी उभी राहिली की मुद्दाम मान ताठ करतात आणि गालातल्या गालात हसतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाटलं ते एकदाच, आणि त्याला कारण झाली एक मोटारसायकल.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आहे. बालाघाटाचा डोंगराळ भाग. एसटी फाट्यापर्यंत येते, पुढे पाच किलोमीटर पायी. माझा भाऊ पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्याने त्याची जुनी स्प्लेंडर मला दिली. "स्कूटी घ्यायची ना, बाई!" असं सगळेच म्हणाले. पण आमच्या वाटेवर बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि दगड. स्कूटीची लहान चाकं त्यात अडकतात. मोटारसायकलचं अठरा इंची चाक निघून जातं.

अडचण एकच. स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. माझ्या पायाची आतली उंची ६८ सेंटिमीटर. वजाबाकी तुम्हीच करा! माणूस बसला की गाडी थोडी दबते, बुटाच्या टाचेचीही थोडी मदत होते. तरी माझी फक्त बोटंच कशीबशी जमिनीला लागत. चालू गाडीत काही वाटायचं नाही. भीती वाटायची ती थांबताना.

दिवाळीनंतरची गोष्ट. चौथीतल्या एका मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. ती आजीजवळ राहायची. संध्याकाळी तिला मागे बसवून घरी सोडायला निघाले. चढावर अचानक शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला, डावा पाय खाली टेकवला, तर खाली चाकोरी! पायाला जमीन लागलीच नाही. गाडी एकशेदहा किलोच्या आतबाहेरची. एकदा कलली की माझ्यासारखीला ती सावरत नाही. आम्ही दोघी आडव्या. पोरीचा गुडघा फुटला, कपाळाला टेंगूळ आलं. तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ही चूक माझी, शेळ्यांची नव्हे.

आजी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मायबाप कोयत्यावर गेल्यात. पोरगी माज्या भरवशावर हाय. पुन्यांदा गाडीवर नका बसवू."

त्या रात्री मला झोप आली नाही. वाटलं, गाडी विकून टाकावी. आठवडाभर पायीच गेले.

मग एका गॅरेजवाल्याने सोपा उपाय सांगितला. "मॅडम, मागचे शॉकअप काढून आखूड बसवतो. गाडी खाली येईल." बसवले. पाय छान टेकले! मी खूश. पण दुसऱ्याच दिवशी गाडी शाळेच्या अंगणात साइड स्टँडवर लावली आणि ती उलट्या बाजूला धाडकन पडली. कारण काय? गाडी खाली आली, पण स्टँड तेवढाच लांब राहिला. त्यामुळे गाडी स्टँडवर कलून उभी राहण्याऐवजी जवळजवळ सरळ उभी राहिली. वाऱ्याची एक झुळूकही तिला पुरली. शिवाय वाटेतले उंच दगड खाली घासू लागले. मागची बाजू दबल्यामुळे हेडलाइटचा झोत वर गेला आणि समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपू लागले. एक गोष्ट खाली केली की चार गोष्टी हलतात, हे मला तेव्हा कळलं.

मी धारूरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीआधी मला पाहिलं. "बेटी, जरा बैठो," म्हणाले. मी बसले. ते खाली वाकून माझ्या मांड्यांकडे बोट दाखवत म्हणाले, "सीट ऊंची कमी, चौडी जास्त आहे."

मुलांनो, हे तुम्हीही करून पाहा. भिंतीला पाठ लावून उभे राहा. डोक्याशी पेन्सिलीची खूण करा. आता दोन पाय चांगले फाकवा आणि पुन्हा खूण करा. दुसरी खूण दोन-तीन बोटं खाली येईल. सीट रुंद असली की पाय असेच फाकतात आणि जमिनीपर्यंत पुरत नाहीत.

चाचांनी जुने शॉकअप परत बसवायला लावले. मागच्या शॉकअपला स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचे टप्पे असतात. माझं वजन कमी म्हणून तो टप्पा सर्वांत नरम ठेवला. मग सीट कव्हरवाल्याकडून पुढच्या भागातला दीड इंच फोम काढला आणि दोन्ही कडा तासून अरुंद केल्या. गाडीच्या सांगाड्याला हात लावला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, हेही मी तेव्हाच वाचलं.

शेवटी चाचा म्हणाले, "दोन्ही पाय कशाला पाहिजेत? एकच पुरतो." थांबताना उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, कंबर थोडी डावीकडे सरकवायची आणि डावा पाय पूर्ण टेकवायचा. त्याआधी टेकायची जागा डोळ्यांनी पाहून घ्यायची. शाळेच्या मैदानावर रविवारी मी शंभरदा थांबले आणि निघाले.

मला लहानपणच्या नर्सबाई आठवल्या. त्यांची लुना होती. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली काढलेली ती पॅडलची, ५० सीसीची गाडी. दोन्ही पाय सहज जमिनीला टेकायचे. म्हणून तर कितीतरी बायाबापड्या त्यावर निर्धास्त फिरल्या. गाडी माणसाच्या मापाची असली की भीती निम्मी होते.

दोन हेल्मेट घेऊन मी आजीकडे गेले. एक छोटं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्यानेच ते लागतं. आजीसमोर चढावर गाडी थांबवून दाखवली, तीनदा. आजीने हेल्मेट हातात घेऊन ठोकून पाहिलं आणि नातीच्या डोक्यावर स्वतः घातलं. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. ती टाचा उंचावून लिहीत होती. अक्षर वाकडं येत होतं आणि मी "नीट लिही" म्हणणार, तोच ती वळून म्हणाली, "बाई, फळाबी दीड इंच खाली घ्या की!"

वर्ग हसला. मी मात्र गप्प झाले. वर्षानुवर्षं मी त्यांचं अक्षर सुधारत होते, फळा किती उंच आहे हे कधी मोजलं नव्हतं. त्या शनिवारी आम्ही पट्टी घेऊन सगळ्यांचे हात मोजले. फळा नऊ इंच खाली आला.

तुम्ही मोटारसायकल चालवायला अजून अवकाश आहे. गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, त्याआधी हात लावू नका. पण आपल्या घरात, शाळेत कुणाचे पाय लोंबकळतात, कुणाचा हात पुरत नाही, हे बघायला मात्र परवाना लागत नाही. मोजपट्टी तेवढी घ्या!