फ्लेमिंग्टनचे कॅप्टनसाहेब

मेलबर्न शहराच्या वायव्येस, मॅरिबर्नाँग नदीच्या कांठीं फ्लेमिंग्टनचें शर्यतीचें मैदान पसरलें आहे. शर्यत नसलेल्या दिवशीं तेथें विस्तीर्ण हिरवळ, गुलाबांचे ताटवे आणि रिकाम्या बैठका यांवांचून कांहीं दृष्टीस पडत नाहीं. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारीं मात्र येथील ‘मेलबर्न कप’साठीं सर्व शहरास सुटी असते, आणि ही वहिवाट १८७७ पासूनची आहे. घोड्यांच्या शर्यतीसाठीं सरकारी सुटी! आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्याच पडावयाच्या.

या शर्यतीची मूळ कल्पना कॅप्टन फ्रेडरिक स्टँडिश (१८२४-१८८३) याची म्हणून सांगतात. लँकेशायरांतील जुन्या घराण्यांतला हा तोफखान्याचा अधिकारी घोड्यांवर पैसा लावून कर्जांत बुडाला. वडिलार्जित जमिनी गेल्या, आणि १८५२ मध्यें त्यानें व्हिक्टोरिया वसाहतीची वाट धरली. तेथें सोन्याच्या खाणींच्या मुलखांत तो अंमलदार झाला आणि १८५८ मध्यें चक्क पोलीसखात्याचा मुख्य! शर्यतीचा नाद मात्र सुटला नव्हता. टर्फ क्लबाच्या कारभाऱ्यांत तो अग्रभागीं असे.

पहिला ‘कप’ ७ नोव्हेंबर १८६१ रोजीं झाला. त्यापूर्वीं पांचच दिवस बर्क व विल्स हे प्रवासी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांत अन्नावांचून मेल्याची वार्ता शहरांत आली होती. बर्क हा स्टँडिशच्याच हाताखालचा पोलीस अधिकारी. असें असतांहि शर्यत झाली. सुमारें ४,००० प्रेक्षक जमले. दोन मैलांच्या त्या धांवेंत १७ घोडे उतरले, तीन कोसळले व त्यांतले दोन प्राणांस मुकले. सिडनीकडच्या आर्चरनें मेलबर्नच्या लाडक्या मॉर्मनला सहा घोडे-लांबींनीं मागें टाकलें.

पुढें १८७८ मध्यें नेड केलीच्या टोळीनें तीन पोलीस ठार मारले, आणि १८८० च्या जूनपर्यंत ती हातीं लागली नाहीं. चौकशीमंडळापुढें स्टँडिशच्याच दुय्यम अधिकाऱ्यानें साक्ष दिली कीं, पाठलागाचा विषय काढला कीं साहेब कादंबरी उचलीत! मंडळानें १८८१ मध्यें त्याच्यावर स्पष्ट ठपका ठेविला, आणि तो मला तरी अन्यायाचा वाटत नाहीं. मेलेल्यांपैकीं दोघांस बायकामुलें होतीं.

तत्पूर्वींच तो निवृत्त झाला होता. १८८३ च्या मार्चमध्यें मेलबर्न क्लबांत त्याचा अंत झाला. केलीचें नांव तेथें पोराटोरांच्या तोंडीं आहे. कॅप्टनसाहेबांचें, शर्यतीच्या दिवशींहि, क्वचितच कोणी घेतो.